ओघळलेली पापणी आणि आपली आरोग्यव्यवस्था

माझ्या मावशीच्या कानापुढची गाठ काढायची ठरली तेव्हा डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती की गाठ चेहऱ्याच्या नसेला चिकटली आहे, नस वाचेलच असं नाही. नस वाचली नाही. गाठ गेली, मावशी राहिली, आणि त्या शस्त्रक्रियेबद्दल आमच्या घरात आजही कृतज्ञताच आहे. घरी सोडताना हातात दिलेल्या कार्डावर टाके कधी काढायचे, कोणती गोळी किती दिवस, आंघोळ कधीपासून, सगळं नीट लिहिलेलं होतं. उजवा डोळा मिटत नाही त्याचं काय करायचं, याची मात्र एक ओळही नव्हती.

पुढची तीन वर्षं मावशी पदराच्या टोकानं तो डोळा टिपत राहिली. खालची पापणी हळूहळू बाहेर वळली, आतला लाल भाग दिसू लागला, पाणी थांबेना. दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं: "या वयात दिसण्याचं काय एवढं मनावर घेता?" तिसऱ्या ठिकाणी एका तरुण नेत्रतज्ज्ञ बाईंनी दिव्याच्या यंत्रातून डोळा पाहिला आणि विचारलं, "बुबुळावर खाली डाग पडलाय. आधी का नाही आलात?"

या प्रश्नाचं उत्तर एकट्या मावशीकडे मागणं बरोबर नाही. ते आपल्या सगळ्यांकडून यायला हवं, म्हणून हे मुद्दे मांडतो.

१. हा दृष्टीचा प्रश्न आहे, दिसण्याचा नंतर.

डोळा उघडणारा स्नायू वेगळा आणि मिटणारा वेगळा. वरची पापणी उचलण्याचं काम मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या नसेकडे असतं. डोळ्याभोवती कड्यासारखा फिरलेला, डोळा मिटणारा स्नायू सातव्या नसेवर चालतो. ही सातवी म्हणजेच चेहऱ्याची नस. ती निकामी झाली की डोळा उघडतो, पण मिटत नाही. वरच्या पापणीला निदान स्वतःचं वजन असतं, त्यामुळे ती थोडी खाली येते. खालच्या पापणीला मात्र वर उभं राहायचं असतं, आणि त्यासाठी तिला आतली घट्ट पट्टी, दोन्ही कोपऱ्यांत तिला हाडाशी बांधणारे बंध आणि त्या स्नायूचा ताण, असा तिहेरी आधार लागतो. ताण गेला की उरलेल्या दोन आधारांवर सगळा भार येतो. तरुण माणसात ते बराच काळ तग धरतात. पन्नाशी-साठीत ते आधीच सैलावलेले असतात, गालाचं ओझंही खाली ओढत असतं, म्हणून पापणी लवकर ओघळते.

मग घरच्यांना कोड्यात टाकणारी गोष्ट घडते. डोळ्यातून पाणी वाहत असतं आणि तोच डोळा आतून कोरडा पडत असतो. पापणीच्या नाकाकडच्या टोकाला अश्रू नाकात उतरण्याचं बारीक छिद्र असतं. पापणी बाहेर वळली की ते छिद्र डोळ्यापासून सुटतं. पापणीच्या उघडझापीनं अश्रू ओढले जातात, तेही थांबतं. पाणी गालावर येतं आणि बुबुळावर त्याचा थर पसरत नाही. लोक म्हणतात, "डोळ्यात एवढं पाणी आहे, मग थेंब कशाला?" मावशीही हेच म्हणायची. झोपेत बुबुळ वर फिरतं आणि त्याचा खालचा काठ रात्रभर उघड्यावर राहतो. डाग बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. आधी बारीक ओरखडे, मग जखम, जखमेत जंतू, आणि शेवटी आपल्याकडे ज्याला "फूल पडलं" म्हणतात ते. दुर्लक्ष झालं तर बुबुळाला भोकही पडू शकतं.

हा डोळा घेऊन माणूस दार लावून घरात बसत नाही. त्याच डोळ्यानं मळणीची धूळ खायची असते, चुलीचा धूर सोसायचा असतो, दुचाकीवरचा वारा झेलायचा असतो. अशा माणसाला "दिसण्याचं काय" असं विचारणं अन्यायाचं आहे. आणि एखाद्याला आपल्या चेहऱ्याचंही वाईट वाटत असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. लग्नकार्यात पदर आडवा धरून बसणाऱ्या बाईचं दुःख खरंच असतं.

२. हा डोळा कोणाच्याच खात्यात नाही.

तोंड वाकडं झालं की माणूस आधी घराजवळच्या डॉक्टरकडे जातो. तिथून मेंदूविकारतज्ज्ञाकडे, कानाचा आजार असेल तर कान-नाक-घसा विभागात, मग फिजिओथेरपीला. अपघातात कवटीचं कानामागचं हाड मोडलं असेल तर तो अपघात विभागाचा रुग्ण होतो. गाठ असेल तर कर्करोगाच्या शल्यचिकित्सकाचा. प्रत्येक जण आपापलं काम मन लावून करतो. नेत्रविभाग या वाटेवर लागतच नाही, लागला तरी डोळा लाल झाल्यावर.

यावर उपाय अवघड नाही. चेहऱ्याची नस दुखावलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर आणि घरी नेण्याच्या कार्डावर चार नोंदी सक्तीच्या कराव्यात. झोपल्यासारखा हलकेच डोळा मिटायला सांगितल्यावर किती मिलिमीटर फट राहते? मिटताना बुबुळ वर जातं का? कापसाच्या धाग्याचा स्पर्श बुबुळाला कळतो का? नेत्रतज्ज्ञाला दाखवण्याची तारीख कोणती? या तपासणीला एक पट्टी, थोडा कापूस आणि दोन मिनिटं पुरतात. त्याच कार्डावर मराठीत एवढंही लिहावं की दिवसा थेंब आणि रात्री मलम घालायचं, झोपताना पापणी चिकटपट्टीनं मिटून ठेवायची, आणि पाणी पुसताना खाली ओढायचं नाही, वर आणि नाकाच्या दिशेनं टिपायचं. मावशी तीन वर्षं पदरानं खाली पुसत होती. आधीच सैल झालेली पापणी ती दिवसातून पन्नास वेळा स्वतःच्या हातानं ओढत होती. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

३. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही, आणि हेही स्पष्टपणे सांगायला हवं.

चेहऱ्याच्या लकव्याचं सगळ्यात जास्त आढळणारं रूप म्हणजे बेल्स पाल्सी. वर्षाला दर लाख लोकांमागे साधारण २० ते ३० जणांना ती होते. पहिल्या ७२ तासांत स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर बरं होण्याची शक्यता वाढते, आणि औषध न घेताही दहातले सातेक जण पूर्ण सुधारतात. अशा रुग्णाची पापणी महिन्याभरात कापायला घेणं चूक ठरेल. थेंब, मलम, चिकटपट्टी, गरज पडली तर काही काळापुरते पापण्यांच्या बाहेरच्या कडा शिवणारे टाके, एवढ्यावर सहा महिने ते वर्षभर वाट पाहता येते. नस कापलीच गेली असेल, पापणी पूर्ण बाहेर वळली असेल किंवा बुबुळावर जखम दिसू लागली असेल, तर मात्र वाट पाहत बसणं म्हणजे डोळा गमावणं. कोणाला थांबवायचं आणि कोणाला लगेच पुढे पाठवायचं हा निर्णय तज्ज्ञाचा आहे, पण तो घेण्यासाठी रुग्ण आधी तज्ज्ञापर्यंत पोचला पाहिजे.

४. ही शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यातली आहे.

या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण "हे सगळं मुंबई-पुण्यातच होतं" हा समज इथंच मोडायला हवा.

खालच्या पापणीची सर्वाधिक वापरली जाणारी दुरुस्ती अँडरसन आणि गॉर्डी या दोन अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९७९ साली मांडली. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात त्या जागेपुरती भूल देतात. कोपरा उघडून पापणीला हाडाशी बांधणारा सैल बंध सोडवतात. पापणीच्या टोकावरची त्वचा आणि आतलं अस्तर काढून आतल्या घट्ट पट्टीची एक छोटी जीभ मोकळी करतात. ती जीभ खेचून, जरा वर आणि आत, डोळ्याच्या खोबणीच्या हाडावरच्या आवरणाला टाक्यानं घट्ट बांधतात. सैल झालेली खाटेची नवार पुन्हा ताणून बांधावी तसं हे काम. पापणी बुबुळाला टेकते. नाकाकडची बाजूही फार लोंबत असेल तर तिथं वेगळा टाका किंवा छोटी दुरुस्ती लागते.

यात परदेशातून मागवायचं रोपण नाही, महागडं यंत्र नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियागृहात जो दिवा, जी भूल आणि जी बारीक अवजारं असतात, त्यात हे काम होतं. अर्ध्या-पाऊण तासात एक डोळा होतो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

काही रुग्णांना एवढं पुरत नाही, हेही खरं. पापणी फारच खचली असेल तर मांडीच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढून पापणीखालून झोळीसारखी बांधतात. उंची कमी पडत असेल तर कानाच्या कुर्चेचा तुकडा आत आधाराला बसवतात. वरची पापणी खाली यावी म्हणून तिच्यात एक ग्रॅमच्या आसपास वजनाची सोन्याची चकती शिवतात. सोनं अंगाला सोसतं आणि फिक्या त्वचेखाली फारसं दिसत नाही, म्हणून सोनं. ही पुढची कामं वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावीत. साधी दुरुस्ती मात्र जिल्ह्यात व्हावी.

आणि मर्यादाही रुग्णाला आधीच सांगाव्यात. या शस्त्रक्रियेनं नस परत येत नाही, उघडझाप परत येत नाही, थेंब आणि मलम सुटत नाहीत. काही वर्षांनी पापणी पुन्हा थोडी उतरू शकते. अपेक्षा नीट समजावली तर रुग्ण निराश होत नाही, उलट डोळ्याची काळजी जास्त घेतो.

५. महाराष्ट्राला हे काम नवीन नाही.

कुष्ठरोगात हाच स्नायू दुबळा होतो. पापणी मिटत नाही, खालची बाहेर वळते, आणि त्यात भर म्हणजे बुबुळाची संवेदनाही जाते. खडा गेला तरी टोचत नाही. दुखत नाही म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही आणि डोळा मुकाट्यानं जातो. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही नावं ज्या राज्यात घरोघरी माहीत आहेत, त्या राज्याला न मिटणारा डोळा अनोळखी नाही.

डॉ. नोशीर अंटिया यांची आठवण इथं काढलीच पाहिजे. प्लास्टिक सर्जरीचे आद्य शल्यचिकित्सक हॅरल्ड गिलीज यांच्याकडे ते इंग्लंडमध्ये शिकले, परत आल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम केलं आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कुष्ठरोग्याचा चेहरा दुरुस्त करणं हे त्यांनी आपलं काम मानलं. ज्या काळात लोक त्या चेहऱ्याकडे पाठ फिरवत होते, त्या काळात. कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांसाठी तेव्हापासून वापरली जाणारी एक पद्धत विलक्षण आहे. दात आवळणारा कानशिलावरचा स्नायू पाचव्या नसेवर चालतो, म्हणून तो शाबूत असतो. त्याची एक पट्टी वळवून दोन्ही पापण्यांमधून नेतात. मग रुग्णानं दात आवळले की डोळा मिटतो. हे शिकावं लागतं, आरशासमोर रोज सराव करावा लागतो, पण माणसं शिकतात.

अंटियांचं दुसरं काम मला या विषयात तितकंच महत्त्वाचं वाटतं. अलिबागजवळच्या मांडव्याला त्यांनी गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया करणारा हा माणूस आरोग्याची किल्ली गावाच्या हातात द्यायला निघाला होता. आज प्रत्येक गावात आशाताई आहे. "डोळा मिटून दाखवा" एवढं तिला शिकवलं, तर वाकडं तोंड झालेला एकही माणूस नजरेतून सुटणार नाही.

राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात अशा दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया सरकार करून देतं आणि रुग्णाला बुडालेल्या मजुरीपोटी भत्ताही मिळतो. ही तरतूद अतिशय योग्य आहे. मग तीच पापणी गाठीमुळे, अपघातामुळे किंवा कानाच्या जुनाट आजारामुळे ओघळली असेल तर तिला हाच न्याय का नसावा? बुबुळ दोन्हीकडे सारखंच सुकतं.

६. "कॉस्मेटिक" हा शब्द जपून वापरा.

विमा असलेल्यांना हा शब्द फार महागात पडतो. विमा नियामकानं आरोग्य विम्यातल्या ठरावीक वगळणुकी प्रमाण करून दिल्या आहेत. त्यांतली आठवी कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीची आहे. पण त्याच कलमात अपवादही लिहिला आहे. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, आणि आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका टाळण्यासाठी आवश्यक असलेला उपचार, यांना ही वगळणूक लागू नाही. अट एवढीच की वैद्यकीय गरज असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं पाहिजे.

म्हणजे सगळं डॉक्टरांच्या दोन ओळींवर अवलंबून आहे. केसपेपरवर नुसतं "पापणीची प्लास्टिक सर्जरी" लिहिलं की दावा फेटाळायला कारण मिळतं. "चेहऱ्याच्या लकव्यामुळे खालची पापणी बाहेर वळली असून बुबुळ उघडं पडलं आहे, दृष्टीला धोका आहे, शस्त्रक्रिया आवश्यक" असं, फटीचं माप आणि फोटो जोडून लिहिलं, तर कागदालाच बळ येतं. माझी नेत्रतज्ज्ञांना हात जोडून विनंती आहे, या दोन ओळी वेळ काढून लिहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. त्यांच्या प्रशिक्षणातही ही शस्त्रक्रिया डोळा वाचवणारी म्हणून नावानिशी यायला हवी. खिडकीवर बसलेल्या माणसाला माहीत नसेल, तर यादीत काय छापलंय याचा गरिबाला उपयोग होत नाही.

७. डोळा गेल्यावर मोजायचा, की जाण्याआधी?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. कुष्ठमुक्त व्यक्तीची व्याख्या करताना त्यात डोळ्याच्या आणि पापणीच्या दुबळेपणाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी पापणीकडे पाहिलं होतं, याचं मला समाधान वाटतं. पण इतर कारणांनी झालेल्या चेहऱ्याच्या लकव्याचं नाव त्या २१मध्ये नाही. तिथं रुग्णाला दृष्टिदोषाच्या मार्गानंच जावं लागतं, म्हणजे नजर जाईपर्यंत थांबावं लागतं. आणि नजर गेली तरी? एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर मोजमापाच्या नियमांत ते ३० टक्के धरलं जातं. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. म्हणजे डोळा सुकत असताना नोंद नाही आणि गेल्यावर मदत नाही. टक्केवारी वाढवा ही माझी मागणी नाही. डोळा सुकत असतानाच सरकारी दप्तरात त्याची नोंद व्हावी आणि त्या नोंदीमागून शस्त्रक्रियेची तारीख यावी, एवढीच मागणी आहे.

८. मोतीबिंदूच्या रांगेचं काय?

हा आक्षेप प्रामाणिक आहे. आपला अंधत्व निवारण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्याची मुख्य ताकद मोतीबिंदूवर खर्च झाली. लाखो लोकांना त्यातून दिसू लागलं. रांग अजून संपलेली नाही आणि डॉक्टर थोडे आहेत. पण पापणीचे रुग्ण त्या मानानं फार कमी आहेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयानं महिन्यातून एक दिवस पापण्यांसाठी ठेवला, तर मोतीबिंदूच्या रांगेला धक्का लागणार नाही. उलट मदतच होईल. ज्याची पापणी मिटत नाही त्याच्या डोळ्याच्या आत शस्त्रक्रिया करण्यात जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो, म्हणून आधी पापणी आणि मग मोतीबिंदू हाच क्रम योग्य आहे. शिबिरात तपासणी करणाऱ्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यानं भिंग घेण्याआधी डोळा मिटायला सांगितलं, तर हे रुग्ण तिथंच सापडतील.

राहिला हाताचा प्रश्न. पदव्युत्तर विद्यार्थी पापणीची ही दुरुस्ती पुस्तकात वाचतो, परीक्षेत लिहितो, पण स्वतः टाका घालायची संधी त्याला क्वचित मिळते. महिन्याचा तो एक दिवस ठरला, तर जिल्ह्यातले डॉक्टर आणि महाविद्यालयातले विद्यार्थी एकाच टेबलावर शिकतील.

९. मावशीची शस्त्रक्रिया झाली. भूल देऊन चाळीसेक मिनिटं लागली, त्यातला निम्मा वेळ ती डॉक्टरबाईंना आपल्या शेताबद्दल सांगत होती. संध्याकाळी आम्ही घरी आलो. पापणी आता जागेवर आहे, गालावरचं पाणी थांबलंय, रात्रीचं मलम चालू आहे. बुबुळावरचा डाग मात्र गेलेला नाही, त्या डोळ्यानं तिला पेपरातली अक्षरं लागत नाहीत. गेल्या हिवाळ्यात गल्लीतल्या एका रिक्षावाल्या पोराचं तोंड वाकडं झाल्याचं कळलं. बघायला जाणाऱ्यांनी वारं लागलं, गारठा बाधला, असं बरंच काही सांगितलं. मावशी त्याच्या खाटेजवळ जाऊन बसली आणि तिनं विचारलं, "रात्री झोपताना डोळा मिटतो का रे तुझा?"